जानेवारीतील वाळवंट आणि त्याचे हंगामी अभ्यासक

एखाद्या प्रदेशातील प्राण्यांची संख्या, वावर आणि वर्तन यांची वर्षाच्या ठराविक काळात, ठराविक पद्धतीने आणि शक्यतो त्याच ठिकाणी पुन्हा पुन्हा केलेली नोंद म्हणजे हंगामी क्षेत्रसंशोधन, अशी या विषयाची सर्वमान्य व्याख्या करता येते. यातला ‘ठराविक काळ’ कोणाच्या सोयीने ठरवायचा, याविषयी व्याख्येने मौन पाळलेले आहे, आणि हे मौन फार उपयोगी पडते. संयुक्त अरब अमिरातींच्या वाळवंटात हा काळ बहुधा जानेवारीचा असतो. त्या महिन्यात दुबईच्या परिसरात दुपारचे तापमान २४ अंशांच्या आसपास राहते आणि रात्री स्वेटर लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या दाराला हात लावणे हाच एक स्वतंत्र प्रयोग होऊन बसतो. तेव्हा वाळवंटातील प्राणिजीवन जानेवारीतच अभ्यासण्याजोगे असते, हा निष्कर्ष प्रत्यक्ष पाहणी सुरू होण्यापूर्वीच हाती आलेला असतो. दुबईतील मराठी कुटुंबे कोणत्याही शास्त्राचा आधार न घेता याच निष्कर्षाला पोहोचली आहेत. नोव्हेंबर ते मार्च या काळात शनिवार-रविवारी पावभाजीचा तवा आणि सतरंज्या घेऊन ती वाळूत उतरतात आणि उरलेले वर्षभर वाळवंट खिडकीच्या काचेतून पाहतात. फरक इतकाच की, त्यांना अहवाल लिहावा लागत नाही.

या प्रथेचे व्यवस्थित उदाहरण दुबई वाळवंट संवर्धन राखीव क्षेत्रात पाहायला मिळते. सुमारे २२५ चौरस किलोमीटरचे, म्हणजे दुबई अमिरातीच्या भूभागाच्या जवळजवळ पाच टक्के एवढे हे क्षेत्र २००३ मध्ये राखीव झाले. त्याआधी १९९९ मध्ये तेथे ‘अल महा’ हे विश्रामस्थान उभे राहिले होते आणि अरबी ओरिक्स, म्हणजे लांब, जवळजवळ सरळ शिंगांचे पांढरेशुभ्र कुरंग, भोवतालच्या वाळूत सोडण्यात आले होते. २०१२ पासून ‘बायोस्फिअर एक्सपेडिशन्स’ ही संस्था राखीव क्षेत्राच्या शास्त्रज्ञांबरोबर तेथे जानेवारीत मोहिमा काढत आली आहे. या मोहिमांत नागरिक-वैज्ञानिक भाग घेतात. विज्ञानाची पदवी असो वा नसो, विमानाचे तिकीट आणि सहभागाचे शुल्क स्वतः भरून, पहाटे उठून, शास्त्रज्ञ सांगतील ते मोजणाऱ्या माणसाला ही संज्ञा लावली जाते. वर्षभर कार्यालयातल्या खुर्चीत बसून साठवलेली रजा आणि बचत हरणांच्या लेंड्या मोजण्यात खर्चणाऱ्या या वर्गाविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही; त्यांच्या घरच्यांना हा बेत कोणत्या शब्दांत पटवला जात असेल, याचे कुतूहल मात्र कायम राहते.

क्षेत्रस्थळ दुर्गम असावे, ही या विद्याशाखेची जुनी अपेक्षा आहे. सुगम ठिकाणी केलेले निरीक्षण तितकेच खरे असले तरी परतल्यावर ते चारचौघांत सांगताना पकड घेत नाही. राखीव क्षेत्राची या बाबतीत थोडी पंचाईत आहे. दुबईहून अल ऐनच्या रस्त्याने तेथे साधारण तासाभरात पोहोचता येते. वाटेत पेट्रोल पंपावर कागदी पेल्यातून ‘करक’, म्हणजे वेलदोडा घातलेला कडक दुधाळ चहा, मिळतो. क्षेत्राला चहूबाजूंनी कुंपण आहे. आणि रात्री वायव्येकडे पाहिले असता नक्षत्रांऐवजी दुबईचा उजेड दिसतो. क्षेत्राच्या ठराविक भागात परवानाधारक सफर कंपन्यांनाही मुभा असल्यामुळे, एका टेकाडाच्या अलीकडे अभ्यासक पोटावर पडून दुर्बिणीतून क्षितिज न्याहाळत असताना पलीकडे पर्यटकांचा जथा सूर्यास्ताची छायाचित्रे काढत असतो. अशा परिस्थितीत दुर्गमता ज्याची त्याला निर्माण करावी लागते. मोबाइलला रेंज असूनही तो बंद ठेवणे, तासाभरावर सुपरमार्केट असूनही डब्यातले वाटाणे खाणे आणि गरम पाण्याची आठवण चारचौघांत न काढणे, ही तिची मान्य साधने होत. कुंपणाचा दरवाजा मागे बंद होताच बहुतेकांच्या चेहऱ्यावर जो गंभीर भाव उमटतो, तो रुब अल खालीच्या, म्हणजे अरबस्तानातील त्या अफाट ‘रिकाम्या चतुर्थांशा’च्या, उंबरठ्यावर अधिक शोभला असता, पण रुब अल खालीत कार्यालयीन रजेच्या मुदतीत जाऊन येणे जमत नाही.

पुनरागमन हा हंगामी संशोधनाचा कणा आहे. गेल्या वर्षी ज्या बिंदूवर पाहणी केली त्याच बिंदूवर या वर्षी पाहणी केली, तरच दोन आकड्यांची तुलना करता येते, आणि तो बिंदू सापडावा म्हणून त्याचे अक्षांश-रेखांश उपग्रहाच्या मदतीने काही मीटरच्या अचूकतेने नोंदवून ठेवलेले असतात. ही पद्धत जंगलात, दलदलीत आणि डोंगरावर निर्दोष ठरते. वाळवंटात तिला एक अडचण येते, ती अशी की बिंदू जागेवर राहतो आणि जागा निघून जाते. वाऱ्याने वाळू टेकडीच्या एका अंगावरून चढते आणि दुसऱ्या अंगावरून घसरते, त्यामुळे टेकडी सबंधच्या सबंध पुढे सरकते. चंद्रकोरीच्या आकाराच्या लहान टेकड्या, ज्यांना भूगोलात बारखान म्हणतात, या कामी विशेष तत्पर असतात. परिणामी हातातले यंत्र अभ्यासकाला ठरलेल्या ठिकाणी इमानेइतबारे आणून सोडते आणि तेथे गेल्या वर्षीच्या नोंदीतले ‘सपाट खडीचे मैदान, डावीकडे झुडूप’ याऐवजी पुरुषभर उंचीचा वाळूचा उतार उभा असतो. झुडूप उताराखाली आहे की उंटाच्या पोटात, हे ठरवण्याचे साधन नसते. रोवलेली खूण शोधण्यासाठी मग उकरणे सुरू होते, आणि जगाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतून आलेली सुशिक्षित माणसे एका लोखंडी गजासाठी गुडघ्यांवर बसून वाळू उपसताना दिसतात. घाफचा वृक्ष मात्र भरवशाचा. घाफ म्हणजे आपल्याकडची शमी. २००८ मध्ये तिला अमिरातींचा राष्ट्रीय वृक्ष म्हणून मान मिळाला. खोल मुळांच्या जोरावर ती सरकत्या वाळूतही ठाव सोडत नाही, आणि पांडवांनी शस्त्रे ठेवायला हाच वृक्ष का निवडला असावा, याचा उलगडा क्षेत्रस्थळावरील दुसऱ्या दिवशी आपोआप होतो.

ठरलेल्या बिंदूपर्यंत जाण्यासाठी चारही चाकांना गती देणारी गाडी लागते आणि ती वाळूत चालावी म्हणून टायरमधली हवा निम्म्याहून अधिक काढावी लागते, म्हणजे टायर पसरतो, त्याचा वाळूशी स्पर्श वाढतो आणि चाक रुतत नाही. हे तत्त्व सर्वांना पहिल्याच दिवशी समजावून सांगितले जाते आणि सर्वांना पटते. त्यानंतर गाडी रुतते. रुतलेल्या गाडीचा चालक हमखास जे करतो ते, म्हणजे अधिक वेग देणे, हेच नेमके करायचे नसते. पुढील अर्धा तास फावड्यांचा असतो, आणि पाहणीच्या तक्त्यात ‘निरीक्षणाचा कालावधी’ या रकान्यात हा वेळ धरायचा की नाही, यावर पद्धतिशास्त्राने अद्याप भाष्य केलेले नाही. तो धरावा, असेच म्हणावेसे वाटते. कारण चाकाखालची वाळू उपसताना जमिनीकडे जितके बारकाईने पाहिले जाते, तितके एरवी कोणी पाहत नाही.

जमिनीकडे पाहणे हेच येथील मुख्य काम आहे. वाळवंटातले बहुतेक सस्तन प्राणी निशाचर आहेत, दिवसा बिळात असतात आणि रंगाने वाळूसारखे असतात, तर अभ्यासक दिवसा फिरतो, उघड्यावर फिरतो आणि त्याच्या अंगातले जाकीट पुष्कळदा नारिंगी असते. पाहण्या-दिसण्याच्या या खेळात लाभ कोणाच्या पदरात पडतो हे उघड आहे. म्हणून प्राण्याऐवजी त्याने मागे ठेवलेल्या गोष्टींची नोंद होते: ठसे, लेंड्या, बिळाच्या तोंडाशी उकरलेली ताजी माती, घुबडाने ओकून टाकलेल्या केसांच्या व हाडांच्या गुठळ्या. नकाशाचे चौरस पाडलेले असतात. प्रत्येक गट आपापल्या चौरसात चालतो, उंचवट्यावर बसून ठरावीक वेळ चहूकडे दुर्बीण फिरवतो आणि दिसले ते लिहितो. पुष्कळदा जे लिहिले जाते, ते म्हणजे शून्य.

या शून्याची प्रतिष्ठा समजून घेणे आवश्यक आहे. संख्याशास्त्राच्या दृष्टीने ‘येथे पाहिले आणि प्राणी आढळला नाही’ आणि ‘येथे पाहिलेच नाही’ या दोन अत्यंत भिन्न गोष्टी आहेत. पहिली माहिती आहे, दुसरी माहितीचा अभाव. त्यामुळे रिकामा चौरसही मनापासून पाहावा लागतो आणि त्यातला रिकामेपणा सुवाच्य अक्षरांत भरावा लागतो. नवख्या नागरिक-वैज्ञानिकाला हे पहिल्या दिवशी पटत नाही. हजारो किलोमीटर विमानाने येऊन शून्य लिहिण्यात त्याला कमीपणा वाटतो, आणि म्हणून तो दूरच्या प्रत्येक दगडाला काही काळ ससा मानतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याचे मन स्थिर होते. मग तो शून्य भरताना शेजारच्या गटाचे शून्य किती वेळ बसून मिळवलेले आहे याची चौकशी करतो आणि आपले शून्य अधिक कष्टाचे असल्याचे सूचित करतो. सापळ्यांच्या बाबतीत हीच साधना पहाटे करावी लागते. उंदरांसाठी शर्मन सापळा, म्हणजे पत्र्याची घडीची पेटी, संध्याकाळी आत दाणे ठेवून मांडली जाते. आत शिरलेल्या प्राण्याच्या वजनाने दार मिटते, आणि ऊन चढण्यापूर्वी पेटी उघडून प्राण्याचे वजन-माप घेऊन त्याला सोडून द्यायचे असते. पेटीत बहुधा चीझमनचा जर्बिल, म्हणजे तपकिरी पाठीचा, लांब शेपटीचा वाळवंटी उंदीर, सापडतो किंवा काहीच सापडत नाही. काहीच न सापडलेल्या पेटीत दाणेही सापडत नाहीत, हा भाग विचार करण्याजोगा आहे. त्याचे श्रेय मुंग्यांना देण्याचा प्रघात आहे.

उष्णता व हालचाल टिपून आपोआप छायाचित्र घेणाऱ्या कॅमेरा ट्रॅपने या शून्यांना आधुनिक रूप दिले आहे. पूर्वी अभ्यासक एका वेळी एकाच ठिकाणी काही न पाहता बसू शकत असे. आता तो अनेक ठिकाणी एकाच वेळी, रात्रंदिवस काही न पाहता राहू शकतो. स्मृतिपत्रात साठलेल्या छायाचित्रांत वाऱ्याने हलणारे गवत, तेच गवत, थोडे कमी हललेले तेच गवत, ओरिक्सचे गुडघे आणि कॅमेरा बसवणाऱ्याची पाठमोरी आकृती हे विषय प्राधान्याने येतात. क्वचित एखाद्या चौकटीत मांजर उमटते आणि तंबूत खरी विद्वत्ता सुरू होते. गॉर्डनचे रानमांजर ही अरबी द्वीपकल्पातल्या या भागातील दुर्मीळ उपजाती आहे आणि भटक्या पाळीव मांजरांशी होणारा संकर हा तिला असलेला मोठा धोका आहे. म्हणून छायाचित्रातले मांजर रानातले की वस्तीतले, हे ठरवणे संवर्धनाच्या दृष्टीने कळीचे ठरते. शेपटीवरचे पट्टे, टोकाचा काळेपणा, पायांची लांबी, अंगाचा सडपातळपणा यांची चर्चा स्थळ पाहून आल्यावर घरात होते त्याच बारकाईने होते, आणि निर्णयही तसाच, म्हणजे आणखी एक छायाचित्र पाहून मग सांगू, असा होतो.

ओरिक्स मात्र दिसतो. तो दिवसा दिसतो, उघड्यावर दिसतो, पांढरा असल्यामुळे दुरून दिसतो, आणि राखीव क्षेत्रात त्याला पूरक चारा घातला जात असल्याने वेळेवरही दिसतो. शून्यांनी खचलेल्या गटाला त्याच्या दर्शनाने जी उभारी येते तिचे मोल कमी लेखू नये. तरीही हा प्राणी सहज मोजता येणे, ही घटना साधी नाही. १९७२ मध्ये ओमानमध्ये अखेरचे रानटी ओरिक्स मारले गेले आणि ही जाती निसर्गातून नाहीशी झाली. सुदैवाने १९६३ पासून अमेरिकेत ॲरिझोनातील फीनिक्स येथील प्राणिसंग्रहालयात तिचा एक कळप जपला जात होता. त्या कळपाच्या आणि अरब राज्यकर्त्यांनी राखलेल्या इतर कळपांच्या वंशजांना पुन्हा वाळवंटात सोडण्यात आले आणि २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने या जातीला ‘असुरक्षित’ या तुलनेने बऱ्या वर्गात घातले. निसर्गातून नष्ट झालेली जाती इतकी वर चढल्याचे ते पहिलेच उदाहरण होते. तेव्हा चाऱ्याच्या ठिकाणी शांतपणे रवंथ करणारे हे जनावर म्हणजे जगातील संवर्धनाच्या मोजक्या यशांपैकी एक आहे. त्याच्याकडे पाहून ते स्वतः या यशाने फारसे भारावले आहे, असे वाटत नाही.

या प्रदेशाच्या प्राणिशास्त्राचा इतिहास पाहता, त्यातले एक ठळक काम हंगामाची सवलत न घेता झालेले आहे आणि ते एका मराठी नावाशी जोडलेले आहे. आत्माराम सदाशिव जयकर (१८४४–१९११) हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील डॉक्टर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मस्कत येथे नेमले गेले आणि सुमारे तीन दशके तेथेच राहिले, इतके की त्यांना ‘मस्कती’ हे टोपणनाव पडले. पुनरागमन करायला आधी जावे लागते. जयकरांना ती संधी फारशी मिळाली नसावी. रुग्ण तपासून उरलेल्या वेळात त्यांनी मासे, सरडे, साप आणि इतर जे काही हाती आले ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले, आणि तेथल्या तज्ज्ञांनी एकामागून एक प्राण्यांना त्यांचे नाव दिले. जॉर्ज बूलेंजर यांनी १८८७ मध्ये एका डोंगरी सरड्याला आणि १८८८ मध्ये अरबी वाळूतल्या दुतोंड्याच्या जातीच्या सापाला, तर ओल्डफील्ड थॉमस यांनी १८९४ मध्ये अरबी ताहर या रानबोकडाला जयकरांच्या नावाने विज्ञानात दाखल केले. पुढे १९०० मध्ये एक समुद्रघोडाही त्या यादीत आला. ताहर हा आज ओमान आणि अमिराती यांच्यात विभागलेल्या हजर पर्वतरांगेत राहतो, तर जयकरांचा साप डोक्याच्या माथ्यावर असलेले डोळे तेवढे वर ठेवून बाकीचे शरीर वाळूत पुरून घेतो. जानेवारीत आलेला अभ्यासक दुर्बीण घेऊन टेकडीवर चढतो, तेव्हा मुंबईचे हे आडनाव त्याच्या बुटाखाली पडून आहे, अशी शक्यता नेहमीच असते. निवृत्तीनंतर जयकरांनी चौदाव्या शतकातील अद-दमिरी याच्या अरबी प्राणिकोशाचे इंग्रजी भाषांतर हाती घेतले आणि त्याचे खंड १९०६ व १९०८ मध्ये प्रसिद्ध झाले. मस्कतच्या तीन दशकांच्या उन्हाळ्यानंतरही माणसाला अरबस्तानातील प्राण्यांचा कंटाळा आला नाही, याचा हा लेखी पुरावा होय.

उन्हाळ्याचा प्रश्न आजही पूर्णपणे टाळता येत नाही, कारण काही प्राण्यांनी संशोधकांच्या सोयीचा मुळीच विचार केलेला नाही. काजळी ससाणा हा करड्या रंगाचा शिकारी पक्षी हिवाळा मादागास्करमध्ये काढतो आणि अंडी घालण्यासाठी अबू धाबीच्या पश्चिमेकडील उघड्या बेटांवर येतो तो ऐन उन्हाळ्यात. पिल्ले बाहेर पडतील तेव्हा शरद ऋतूतील स्थलांतर सुरू झालेले असावे आणि समुद्रावरून थकून येणारे लहान पक्षी त्यांच्या तोंडी पडावेत, असा त्याचा हिशेब असतो. अमिरातींच्या कायद्याने १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करण्यास मनाई केली आहे, आणि ससाण्याचा संसार जवळजवळ याच मुदतीत बसतो. खेकडे खाऊन जगणारा क्रॅब प्लोव्हर हा काळा-पांढरा किनारपक्षी तर आणखी पुढे गेला आहे: तो वाळूत बीळ करून त्यात एकच अंडे घालतो आणि ते उबवण्याचे बरेचसे काम तापलेल्या जमिनीवर सोपवतो. हिवाळ्यात हेच पक्षी कच्छच्या आखातातही दिसतात, जेथे त्यांना पाहायला गारव्यात आणि चहाच्या सोबतीने जाता येते. परंतु घरटी पाहायची तर उन्हाला पर्याय नाही.

उम्म अल कुवैनजवळच्या सिनिया बेटावरील सोकोत्रा पाणकावळ्यांनी त्या मानाने सौजन्य दाखवून शरद ऋतूत वीण ठेवली आहे, मात्र त्याची किंमत दुसऱ्या रूपाने वसूल होते. तेथे हजारोंच्या संख्येने घरटी असतात आणि हे पक्षी काय खातात हे कळावे म्हणून त्यांनी ओकलेले मासे गोळा करण्याची पद्धत आहे, कारण घाबरलेला पाणकावळा पोटातला ऐवज बाहेर टाकून हलका होतो. विज्ञानाला नमुना मिळतो आणि पक्ष्याला सुटका मिळते. बुटांना काय मिळते, हे शोधनिबंधात येत नाही. अर्धवट पचलेली मांदेली आणि तारली ओळखून त्यांची मोजदाद करण्याचे हे काम कोकणातल्या एखाद्या जाणत्या कोळणीने निम्म्या वेळात आणि नाकाला रुमाल न लावता केले असते, पण विद्यापीठांच्या जाहिरातींत या पात्रतेचा उल्लेख अद्याप आढळत नाही.

जानेवारीच्या हंगामाची खरी कसोटी लावतो तो सांडा. अरबीत ज्याला ‘धब’ म्हणतात असा हा काटेरी शेपटीचा, गवत-पाल्यावर जगणारा मोठा सरडा ऊन तापल्यावर खुलतो आणि थंडीत बहुतेक वेळ बिळात काढतो. त्यामुळे जानेवारीत सांड्याऐवजी त्याच्या बिळांची गणना होते, आणि बिळाच्या तोंडाशी ठसे किंवा ताजी विष्ठा दिसल्यास ते ‘नांदते’ समजले जाते. एप्रिलमध्ये याच जागी फिरले, तर सांडे स्वतःच बाहेर येऊन उन्हात पडलेले दिसतील, हे सर्वांना माहीत असते आणि तसे कोणीतरी दरवर्षी सुचवतेही. अडचण तात्त्विक आहे. एकदा जानेवारीत मोजणी सुरू झाली की पुढची प्रत्येक मोजणी जानेवारीतच व्हावी लागते, कारण हंगाम बदलल्यास वाढलेला आकडा सांड्यांच्या संख्येचा की उन्हाचा, हे सांगता येणार नाही आणि आधीच्या सगळ्या वर्षांची रास निरुपयोगी ठरेल. अशा रीतीने पहिल्या वर्षी स्वेटरच्या सोयीने घेतलेला निर्णय दुसऱ्या वर्षापासून पद्धतिशास्त्राचा नियम बनतो आणि पाचव्या वर्षापासून त्याला परंपरेचे संरक्षण लाभते. अशा अहवालांच्या शेवटी शिफारशींचे पान असते, आणि उन्हाळी महिन्यांतही पाहणी होणे अत्यंत आवश्यक आहे, असे एक वाक्य त्यावर बहुधा आढळते. ती कोणी करावी, याविषयी मात्र त्या पानावर काही म्हटलेले नसते.